मुलाखतीनंतरचे पंधरा दिवस



कारखानदार आणि मनुष्यबळ विभागातले माझे सहकारी यांच्या अशा परिषदेत अध्यक्षाने सगळ्या विषयांना थोडा थोडा स्पर्श करावा, अशी प्रथा आहे. नव्या कामगार संहिता, कंत्राटी कामगार, कुशल हातांची टंचाई यांवर आज स्वतंत्र सत्रे आहेत आणि तिथे बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. म्हणून माझा सगळा वेळ मी एकाच मागणीसाठी घेणार आहे. आपण ज्याची मुलाखत घेतली त्याला निकाल कळवायचा. निवड झाली तर कळवायचा, झाली नाही तरीही कळवायचा. लेखी कळवायचा आणि पंधरा दिवसांच्या आत कळवायचा.

ही मागणी मांजर्लीत करायला कारण आहे. बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा हा सगळा भाग माझ्या डोळ्यांदेखत वाढला. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. परळ-लालबागच्या चाळी सोडून आलेली, डोंबिवली-ठाण्यात घर परवडेना म्हणून पुढे सरकलेली कुटुंबे इथे स्थिरावली. हप्ता इथल्या घराचा आणि नोकरी मात्र ठाण्याला, रबाळे-महापेला, अंधेरीला, नाहीतर रोज ६८ किलोमीटर दूर सीएसएमटीला. एक काळ असा होता की विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, धरमसी मोरारजीचा रसायन कारखाना, आयुध निर्माणी, शहाडचे सेंच्युरी रेयॉन अशा ठिकाणी माणूस एकदा चिकटला की निवृत्त होऊनच बाहेर पडायचा. आयुष्यात मुलाखत एकदाच. आता तिशीच्या आतल्या मुलाला पाच-सात दारे ठोठावावी लागतात आणि प्रत्येक दाराशी त्याला एकच शब्द ऐकू येतो : ‘कळवतो.’

त्या शब्दानंतर काय होते, ते जरा जवळून पाहू. असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. फिटरचा ट्रेड, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे दोन वर्षे काढलेली. रबाळ्याच्या एका कारखान्यातून मुलाखतीचा फोन येतो. वेळ अकराची. तो त्या दिवशी खाडा करतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी गेलीच. आठच्या आत घर सोडतो, बदलापूरहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून रबाळे, पुढे रिक्षा. गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे काम, आत जाण्याची वेळ लिहून घेतो. आधार-पॅनची झेरॉक्स मागतो. आत तास-दीड तास ताटकळत बसल्यावर बोलावणे येते. तीन माणसे प्रश्न विचारतात. एक जण व्हर्नियर हातात देऊन माप घ्यायला लावतो. मुलगा माप घेतो, आकडा सांगतो. समोरचा मान हलवतो. बरोबर आले की चुकले, ते त्या मानेवरून कळत नाही. मग पगाराची अपेक्षा किती, कधीपासून येऊ शकाल, घरी कोण कोण असते. शेवटी : ‘ठीक आहे, कळवतो तुम्हाला.’

रात्री आई विचारते, काय म्हणाले? कळवतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती परत विचारते. आठवड्याने शेजारचे काका विचारतात. मुलगा आंघोळीला जाताना फोन दाराशी ठेवतो. अनोळखी नंबर आला की धावत उचलतो आणि पलीकडून कोणीतरी कर्ज हवे का म्हणून विचारते. याच आठवड्यात अंबरनाथच्या दुसऱ्या एका वर्कशॉपमधून त्याला बोलावणे येते. पगार दोन-अडीच हजारांनी कमी, पण काम उद्यापासून. तो चार दिवसांची मुदत मागतो, कारण रबाळ्याचे उत्तर यायचे आहे. वर्कशॉपवाल्याला घाई असते, तो दुसरा माणूस घेतो. पंधराव्या दिवशी मुलगा धीर करून रबाळ्याला फोन लावतो. साहेब मीटिंगमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नम्रपणे विचारतो. दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही.

या मुलाचे नुकसान मोजायला बसलो, तर खाडा आणि गाडीभाडे ही त्यातली लहान रक्कम आहे. हातची नोकरी गेली, ती या मौनामुळे गेली. ‘तुमची निवड झालेली नाही’ हे चार शब्द आठव्या दिवशी पोचले असते, तर नवव्या दिवशी तो अंबरनाथला कामावर उभा असता. शिवाय आपले काय चुकले, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. माप चुकले? पगार जास्त मागितला? की ती जागाच रद्द झाली आणि त्याच्यात काहीच कमी नव्हते? पुढच्या मुलाखतीला जाताना तो यातली सगळ्यात वाईट शक्यता मनात धरून जातो. माझ्या कामाच्या काळात मी अशी मुले पुष्कळ पाहिली. चार ठिकाणांहून उत्तर न आलेला मुलगा पाचव्या ठिकाणी ओळखू येतो. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, प्रश्न पुरा होण्याआधी ‘हो सर’ म्हणतो आणि पगार विचारला की ‘तुम्ही द्याल तो’ म्हणतो. त्याच्या हातातली कला तीच असते. तिची किंमत त्याने स्वतःच कमी केलेली असते.

पंधरा दिवस ही मुदत मी मनाने काढलेली नाही. आपल्याकडे १९५९ मध्ये एक कायदा झाला : सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा. तो १ मे १९६० ला अमलात आला, म्हणजे ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी. खासगी क्षेत्रात २५ किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. जागा निघाली की मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवायचे, हे पुष्कळांच्या लक्षात आहे. त्याच्या १९६० च्या नियमांत आणखी एक तरतूद होती, ती फारसे कोणी सांगत नाही : निवड झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत निकालही एक्स्चेंजला कळवायचा. पासष्ट वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचले होते की मुलाखत घेणाऱ्याचे काम निवडीपाशी संपत नाही. फक्त निकाल कळवायचा तो कार्यालयाला. ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्या उमेदवाराला कळवा असे त्यांनी लिहिले नाही. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी एक्स्चेंजचे कार्ड वर्षानुवर्षे नूतनीकरण करत जपले; त्यांना कॉल आला तर आला. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नवी घडी बसते आहे, तेव्हा जुन्या नियमातली ती रिकामी जागा आपण आपल्या पातळीवर भरू शकतो.

त्याहून मागे जाऊ. मांजर्लीतल्या कित्येक घरांतले आजोबा मुंबईच्या गिरण्यांत होते आणि त्यातले बरेच सुरुवातीला बदली कामगार. पहाटे गिरणीच्या दाराशी जायचे, खात्यात कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबर कोणाला आत घेणार त्याची वाट पाहायची. तो कारभार क्रूर होता. जॉबरचा हात ओला केल्याशिवाय नाव पुढे सरकत नसे. त्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. तरी एवढे खरे की पाळी सुरू झाली की माणसाला कळत असे, आज काम आहे की नाही. नसेल तर तो घरी जाई किंवा दुसऱ्या गिरणीकडे वळे. त्याच्या नातवाला आज वातानुकूलित खोलीत बसवून, पाणी विचारून, महिना-महिना लटकत ठेवले जाते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खात्यात ‘रिग्रेट लेटर’ नावाचा प्रकार रोजच्या कामातला होता. सायक्लोस्टाइल केलेला अर्ध्या पानाचा मजकूर, वर नाव आणि तारीख टाइप करायची, खाली अधिकाऱ्याची शाईची सही. मुलाखती संपल्या की टायपिस्ट बाई यादी घेऊन बसत आणि दोन दिवसांत पाकिटांचा गठ्ठा शिपायाकडे जाई. टाइप करायला माणूस लागे, तिकिटाला पैसे लागत, टपालाला वेळ लागे, तरी ते होत असे. आज एक संदेश फुकट जातो, शंभर जणांना एका वेळी जातो, आणि तो जात नाही. म्हणजे अडचण खर्चाची नाही.

मग कशाची? मी आयुष्यभर टेबलाच्या या बाजूला बसले आहे, त्यामुळे कारणे मला आतून माहीत आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत.

सर्वांत मोठे कारण नोटीस पिरियड. आपण ज्याला पसंत करतो, तो आधीच्या ठिकाणी एक महिना, दोन महिने, कुठे कुठे तीन महिने अडकलेला असतो. ऑफर लेटर घेऊन तो आपल्या जुन्या साहेबाकडे जातो, तिथे पगार वाढवून घेतो आणि आपल्याकडे येतच नाही. हा अनुभव इथल्या प्रत्येक कारखानदाराने घेतला आहे. म्हणून पहिला माणूस प्रत्यक्ष हजर होईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्याला ‘नाही’ म्हणायचे नाही, त्यांना हाताशी ठेवायचे, अशी आपली रीत झाली. कारखान्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला तो दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे सांगायला काय हरकत आहे? राज्य लोकसेवा आयोग प्रतीक्षा यादी लावतो, केंद्रीय आयोग राखीव यादी ठेवतो. केंद्रीय आयोगाने तर पुढचे पाऊल टाकले. अंतिम टप्प्यापर्यंत पोचून निवड न झालेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, तो इतर नियोक्त्यांना उपलब्ध करून देतो. २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना आता ‘प्रतिभा सेतू’ या नावाने चालते. आपण एवढे मोठे काही करायला नको. ‘तुम्ही प्रतीक्षेत आहात, अमुक तारखेपर्यंत आमचे नक्की होईल, दरम्यान दुसरीकडे संधी मिळाली तर जरूर घ्या’ एवढे लिहिले तरी माणूस मोकळा होतो. काही जण थांबतील, काही जातील. जे जातील ते आपल्या मौनातही गेलेच असते. फक्त त्यांचा फोन लागत नाही म्हणून आपण चिडलो असतो.

दुसरे कारण भीतीचे. लेखी नकार दिला तर कोणी तो घेऊन भांडायला येईल, कोर्टात जाईल. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगून ठेवले आहे की निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळतोच असे नाही. मात्र सरकारला मनमानीही करता येणार नाही. जिथे निवड यादीतल्यांचे हे, तिथे खासगी कारखान्याने साध्या, सभ्य शब्दांत दिलेल्या नकाराने कोणते आकाश कोसळणार आहे? भांडण नकारामुळे होत नाही. जात, धर्म, लग्न, मूलबाळ यांवरून भेद केला तर होते, आणि ते व्हायलाच हवे.

तिसरे कारण असे की हे काम कोणाचेच नसते. खात्याच्या प्रमुखाला वाटते मनुष्यबळ विभाग कळवेल, त्या विभागाला वाटते कन्सल्टंट कळवेल, आणि कन्सल्टंटचे पैसे निवड झालेल्या माणसावर असल्यामुळे बाकीच्यांशी त्याचे काही देणेघेणे उरत नाही. घोंगडे भिजत पडते.

आणि एक कारण आपण उघड बोलत नाही : नकार देणे जड जाते. पण आपल्या समाजाला ते जमत नाही, असे म्हणता येणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर मुलीकडच्यांना ‘पत्रिका जमत नाही’, ‘सध्या योग दिसत नाही’ असा निरोप मध्यस्थामार्फत का होईना, जातोच. न कळवणाऱ्या घराला लोक नावे ठेवतात. लग्नाच्या बाबतीत जी माणुसकी आपण गृहीत धरतो, तीच भाकरीच्या बाबतीत कारखान्याच्या गेटवर विसरावी, हे मला पटत नाही.

आता पत्र कसे असावे. मी एक मसुदा केला आहे, तो वाचते.

‘स. न. वि. वि. दिनांक अमुक रोजी फिटर या पदासाठी आपली मुलाखत झाली. या पदासाठी आपली निवड झालेली नाही. ही जागा आता भरली आहे. आपण कामाचा खाडा करून आलात, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्या कागदपत्रांच्या प्रती नष्ट केल्या आहेत. काही विचारायचे असल्यास खाली सही करणाऱ्याशी या क्रमांकावर दुपारी तीन ते पाच या वेळेत बोलता येईल.’ खाली नाव, हुद्दा, क्रमांक.

यात निकाल दुसऱ्याच वाक्यात आहे. चार ओळी स्तुती करून पाचव्या ओळीत नकार दिला की वाचणाऱ्याला दुप्पट लागते. ‘भविष्यात संधी आल्यास आपला विचार करू’ हे वाक्य मी मुद्दाम घेतलेले नाही. विचार खरोखर करणार असाल तरच लिहा, कारण मुलगा त्या वाक्यावर सहा महिने काढतो. कागदपत्रांचे म्हणाल, तर गेटच्या केबिनमध्ये आधार-पॅनच्या झेरॉक्सचे गठ्ठे धूळ खात पडलेले मी पाहिले आहेत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चहाचा हिशेब मांडलेला पाहिला आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे; या कागदी झेरॉक्सना तो थेट लागत नसला, तरी ही बेफिकिरी गैरच आहे. 

पत्र मराठीत हवे. आपल्याकडे मुलाखतीला येणारा फिटर, वेल्डर, पॅकिंगवर काम करणारी ताई, यांच्या घरात ते पत्र आई-वडील वाचणार असतात. इंग्रजीतला साचेबंद ईमेल त्यांना कळत नाही आणि मुलालाही पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, यातून काही आशा निघते का ते शोधत.

कारण सांगावे का, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे : ज्यावर उमेदवार काही करू शकेल ते कारण सांगावे, आणि ते फोनवर, मुलाखत घेणाऱ्यानेच सांगावे. ‘ड्रॉइंग वाचताना टॉलरन्स चुकला, त्याचा सराव कर’ या एका वाक्याने मुलगा पुढच्या ठिकाणी पास होतो. अंबरनाथच्या आयटीआयतल्या निदेशकांना असे चार निरोप गेले, तर शिकवण्यातही फरक पडेल. जे बदलता येत नाही ते सांगून दुखवू नये. खोटे कारण तर कधीच देऊ नये. जागा रद्द झाली असेल तर जागा रद्द झाली असेच लिहावे.

निवड झालेल्यांचीही एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ताटकळणे नकारापुरतेच नसते. २०२२ च्या तुकडीतल्या अभियंत्यांना इन्फोसिसने ऑफर लेटर दिली आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सुमारे दोन हजार मुलांच्या वतीने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कंपनीने प्रत्येक ऑफर पाळणार असल्याचे जाहीर केले आणि नंतर रुजू होण्याच्या तारखाही मिळू लागल्या. पण तोवर दोन वर्षे गेली. हातात ऑफर असलेला मुलगा दुसरी नोकरी धड शोधत नाही, घरचे लोक पेढे वाटून बसलेले असतात, शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर सुरू होतो. त्या मुलांना दर महिन्याला खरी परिस्थिती सांगितली असती, तर निर्णय त्यांच्या हातात राहिला असता.

जगात हा विषय आता कायद्यात आला आहे. दक्षिण कोरियात भरतीच्या पद्धतीविषयीच्या कायद्यानुसार निवडीचा निर्णय झाला की तो अर्जदारांना विनाविलंब कळवावा लागतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने, जाहिरात देऊन भरलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली त्याला, शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते सांगणे बंधनकारक आहे. आपल्याच घरांतली टोरंटो-मिसिसागाला गेलेली मुले हा हक्क बजावतील. त्यांचा मांजर्लीत राहिलेला भाऊ रबाळ्याच्या फोनची वाट पाहत राहील, हे मला सहन होत नाही. तिकडचा २५ चा आकडा आणि आपल्या १९५९ च्या कायद्यातला २५ चा आकडा एकच आहे, हा योगायोग असेल. पण एवढ्या आकाराच्या कारखान्याला हे झेपते, असे दोन्हीकडच्यांना वाटले, एवढे त्यातून नक्की दिसते.

दुपारच्या सत्रात या संबंधीचा ठराव येणार आहे. त्यात दोन गोष्टी सुटल्या आहेत, त्यावर आपण बोलावे. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला वेगळा मनुष्यबळ अधिकारी नसतो; त्यांच्यासाठी एका इंडस्ट्रियल इस्टेटने मिळून एक माणूस नेमावा, त्याने दर शनिवारी सगळ्यांचे निकाल पाठवावेत, असे मी सुचवते. त्याच्या पगाराचा वाटा प्रत्येक गाळ्यावर फार थोडा येईल. दुसरा मुद्दा ठेकेदारामार्फत येणाऱ्यांचा. त्यांना उत्तर कोणी द्यायचे, यावर कार्यकारिणीत एकमत झाले नाही. ठेकेदाराने द्यावे असे बऱ्याच सदस्यांचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. मुलाला ज्या गेटवरून आत घेतले, ज्या रजिस्टरात त्याचे नाव लिहिले, त्या कारखान्याने उत्तर द्यायचे. पंधरा दिवस मोजायचे ते त्या रजिस्टरातल्या तारखेपासून.